स्प्रेडशीट फाईल : बिघाड व दुरुस्ती

ओळी व स्तंभ यांच्या छेदाने बनलेल्या सेलमध्ये संख्या, मजकूर व सूत्रे भरून आकडेमोड करणाऱ्या संगणकीय कोष्टकास स्प्रेडशीट म्हणतात. अशी एक वा अनेक कोष्टके डिस्कवर ज्या एकत्रित रूपात साठविली जातात, ती स्प्रेडशीट फाईल होय. फाईलमधील बाइटांचा क्रम तिच्या ठराविक रचनेपासून ढळला म्हणजे ती विकृत होते. व्यवहारात ‘फाईल करप्ट झाली’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. हा बिघाड तीन प्रकारांनी प्रकट होतो : फाईल उघडत नाही; उघडलेली फाईल सेव्ह होत नाही; किंवा फाईल उघडते व सेव्हही होते, परंतु तिच्यातील माहिती नकळत बदललेली असते. यांपैकी दुसऱ्या प्रकारात माहिती संगणकाच्या स्मृतीत शाबूत असल्याने ती वाचविण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. तिसरा प्रकार सर्वांत घातक असतो, कारण त्यात बिघाडाची सूचनाच मिळत नाही.

उपयोग व महत्त्व : महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील विकास सेवा संस्था, पतसंस्था, दूध संस्था, शीतगृहे, शाळा व ग्रामपंचायती यांच्या कार्यालयांत हिशेब व याद्या ठेवण्यासाठी स्प्रेडशीटचा वापर सर्वत्र आढळतो. शासकीय सेवेतील अनेक पदांसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरविण्यात आल्यामुळे व एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांत स्प्रेडशीटचे शिक्षण अंतर्भूत असल्यामुळे हे साधन तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. मायक्रोसॉफ्ट एक्सेल या कार्यक्रमाचा प्रसार इतका झाला की, ‘एक्सेल शीट’ हेच स्प्रेडशीटचे सामान्यनाम बनले आहे.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कवठे महांकाळ तालुक्याचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. अग्रणी नदीच्या खोऱ्यातील हा तालुका अवर्षणप्रवण असून म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून त्यास कृष्णेचे पाणी मिळते. द्राक्ष व बेदाणा ही येथील महत्त्वाची नगदी उत्पादने होत. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांकन प्राप्त झाले. उन्हाळ्याच्या सुरुवातीस शेडमध्ये वाळविलेला बेदाणा शीतगृहात ठेवून तासगाव व सांगली येथील सौद्यांत वर्षभर थोडाथोडा विकला जातो. त्याच्या तारणावर कर्जही घेतले जाते. त्यामुळे शीतगृहाच्या आवक-जावक नोंदीत शेतकऱ्याचे नाव, गाव, लॉट क्रमांक, बॉक्सांची संख्या, वजन, भाडे व तारण कर्ज इतक्या बाबी एकाच ओळीत येऊ शकतात. अशी फाईल नष्ट झाल्यास माल जागेवर असूनही तो कोणाचा व त्यावर बोजा किती, हे ठरविणे कठीण होते. फाईल काही किलोबाइटांची असली, तरी तीत एका हंगामाची मिळकत नोंदलेली असते.

जुन्या हिशेबपद्धतीत कीर्द व खतावणी असे दोन स्वतंत्र दप्तर असत. कीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने उतरत आणि त्यांवरून खातेनिहाय खतावणी होई. खतावणी हरवल्यास कीर्दीवरून ती पुन्हा तयार करता येई. स्प्रेडशीटमध्ये पुष्कळदा जुना आकडा पुसून त्याच सेलमध्ये नवा आकडा लिहिला जातो, म्हणजे केवळ खतावणी उरते व कीर्द नाहीशी होते. स्प्रेडशीटच्या बिघाडाने होणारी हानी गंभीर ठरण्याचे मूळ कारण हे आहे.

ऐतिहासिक आढावा : डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेला ‘व्हिसिकॅल्क’ हा वैयक्तिक संगणकावरील पहिला स्प्रेडशीट कार्यक्रम १९७९ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी उपलब्ध झाला. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आला. मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सेल’ १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी व १९८७ मध्ये विंडोज प्रणालीसाठी प्रसृत झाला. एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या आवृत्त्या ‘एक्सएलएस’ या द्विमान रूपात फाईल साठवीत. १९९७ पासूनच्या आवृत्त्यांत एका पत्रकात ६५,५३६ ओळी व २५६ स्तंभ मावत. २००७ च्या आवृत्तीपासून ‘एक्सएलएसएक्स’ हे रूप स्वीकारण्यात आले व ही मर्यादा १०,४८,५७६ ओळी व १६,३८४ स्तंभ इतकी झाली. मुक्त कार्यक्रमांतील ‘ओडीएस’ हे रूप ओपन डॉक्युमेंट मानकावर आधारित असून २००६ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

फाईलच्या रूपाकडे दुर्लक्ष केल्याचे परिणाम किती दूरवर जातात, हे २०२० मध्ये इंग्लंडमध्ये दिसून आले. तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांकडून आलेली कोव्हिड-१९ च्या रुग्णांची माहिती जुन्या एक्सएलएस रूपात घेतली. ओळींची मर्यादा संपल्यावर पुढील नोंदी गळून पडल्या. परिणामी २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. फाईल उघडत होती व सेव्हही होत होती. ती अपुरी होती एवढेच.

फाईलची अंतर्रचना : जुनी एक्सएलएस फाईल ही अंतर्गत रचनेने एका लहान डिस्कसारखी असते. तिचे समान आकाराचे खंड पाडलेले असून कोणत्या खंडानंतर कोणता खंड वाचावयाचा, याची सारणी फाईलमध्येच असते. ही सारणी बिघडल्यास खंडांतील माहिती जागेवर असूनही तिचा क्रम लागत नाही.

एक्सएलएसएक्स फाईल ही वस्तुतः अनेक छोट्या फायलींचे गाठोडे असते. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये प्रसृत केलेल्या झिप या पद्धतीने ते संकोचून बांधलेले असते. गाठोड्यात प्रत्येक पत्रकासाठी एक, सर्व मजकुरासाठी एक, अक्षरवळण व रंग इ. शैलींसाठी एक आणि या सर्वांचे परस्परसंबंध सांगणारे काही, असे एक्सएमएल भाषेत लिहिलेले भाग असतात. एक्सेल सामान्यतः मजकूर सेलमध्ये प्रत्यक्ष साठवीत नाही. प्रत्येक वेगळे नाव सामाईक मजकुराच्या भागात एकदाच लिहिले जाते व सेलमध्ये त्याचा केवळ अनुक्रमांक असतो. त्यामुळे हा एक भाग नष्ट झाल्यास सर्व पत्रकांतील नावे जातात, पण वजने व रकमा शिल्लक राहतात. अंशतः दुरुस्त झालेल्या फायलींत आकडे आहेत व नावे नाहीत, अशी स्थिती आढळण्याचे हे एक कारण होय.

झिप गाठोड्याची अनुक्रमणिका त्याच्या शेवटी असते. नक्कल करताना पेनड्राइव्ह अर्ध्यावर काढल्यास किंवा डाउनलोड अपुरे राहिल्यास नेमके शेपूट तुटते आणि बहुतांश माहिती आलेली असूनही कार्यक्रम फाईल उघडण्याचे नाकारतो. अनुक्रमणिकेखेरीज प्रत्येक भागापूर्वी त्याचे एक छोटे शीर्षकही असते. दुरुस्तीची साधने या शीर्षकांचा माग काढून अनुक्रमणिका नव्याने तयार करतात.

प्रत्येक भागाबरोबर त्याचा ताळाही साठविलेला असतो. जुन्या शाळांत गुणाकार तपासण्यासाठी नवाचा ताळा घेत असत. उदा., ४७ × २३ = १,०८१ हा गुणाकार घेतल्यास ४७ च्या अंकांची बेरीज ११ व पुन्हा २; २३ ची ५; त्यांचा गुणाकार १० व पुन्हा १; आणि १,०८१ च्या अंकांची बेरीज १० व पुन्हा १. दोन्हीकडे १ आल्याने ताळा जमतो. मात्र १,०८१ ऐवजी चुकून १,८०१ लिहिले तरी हा ताळा जमतोच, कारण अंकांची अदलाबदल त्यास कळत नाही. झिपमधील सीआरसी हा ताळा बाइटांचा क्रमही विचारात घेतो. तो ३२ बिटांचा असल्याने त्याची ४,२९,४९,६७,२९६ भिन्न मूल्ये संभवतात आणि यदृच्छया झालेला बिघाड त्याच्या नजरेतून सुटण्याची शक्यता अत्यल्प असते. तथापि हा ताळा केवळ बिघाड झाल्याचे सांगतो. मूळ बाइट कोणता होता, हे त्यास सांगता येत नाही.

जतनक्रिया : सेव्ह ही आज्ञा दिल्यावर एक्सेल मूळ फाईलवर थेट लिहीत नाही. प्रथम त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाची नवी फाईल तयार होते व स्मृतीतील संपूर्ण माहिती तीत लिहिली जाते. लेखन यशस्वी झाल्यावर जुनी फाईल दूर करून तात्पुरत्या फाईलीस मूळ नाव दिले जाते. या पद्धतीमुळे लेखन मध्येच थांबले, तरी जुनी फाईल बहुधा वाचते. परंतु त्यामुळेच सेव्ह होण्यासाठी फोल्डरमध्ये नवी फाईल निर्माण करण्याची, जुनी काढण्याची व नाव बदलण्याची अशी तिन्ही मुभा असावी लागते. डिस्कवर जुन्या व नव्या अशा दोन्ही फायलींपुरती जागा लागते. अखेरच्या टप्प्यात वीज गेल्यास फोल्डरमध्ये मूळ नावाची फाईल नाही आणि आठ अक्षरांच्या विचित्र नावाची फाईल मात्र आहे, अशी स्थिती उद्भवते. ती निरुपयोगी समजून काढून टाकू नये; तीच अद्ययावत फाईल असू शकते.

सेव्ह न होण्याची कारणे : ही कारणे तीन गटांत विभागता येतात. (१) जागेतील दोष : डिस्क भरणे, फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसणे, जाळ्यातील सामाईक संगणकाशी संपर्क तुटणे, तीच फाईल दुसऱ्या संगणकावर उघडी असणे, फोल्डरांच्या व फाईलच्या नावांची एकूण लांबी एक्सेलच्या २१८ अक्षरांच्या मर्यादेपलीकडे जाणे, विषाणुरोधक कार्यक्रमाने तात्पुरती फाईल अडवून धरणे. (२) कार्यक्रमातील दोष : स्मृती अपुरी पडणे, एक्सेलला जोडलेल्या पूरक कार्यक्रमाचा अडथळा, अद्ययावतीकरण अपुरे राहणे. (३) फाईलमधील दोष : एखादे चित्र, आलेख, मॅक्रो किंवा बाहेरील फाईलचा दुवा बिघडणे, वेगवेगळ्या फायलींतून वर्षानुवर्षे केलेल्या नकलांमुळे शैलींची व छुप्या नावांची संख्या अफाट वाढणे. शैलींच्या भिन्न जुळण्यांची मर्यादा २००३ पर्यंतच्या आवृत्तीत सु. ४,००० व २००७ पासून सु. ६४,००० आहे. दरवर्षी मागील वर्षाचीच फाईल पुढे चालविण्याच्या प्रथेमुळे ही मर्यादा अनपेक्षितपणे गाठली जाते.

फाईल न उघडण्यास बहुधा लेखनातील खंड कारणीभूत असतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर भारनियमन होत होते. यूपीएस नसलेल्या संगणकावर अवेळी वीज जाणे हे बिघाडाचे एक नित्याचे कारण असे. पेनड्राइव्हवरील फाईल तेथेच उघडून काम करणे व ‘इजेक्ट’ न करता तो ओढून काढणे, हे आजही सर्रास आढळते. संगणक लेखन काही क्षण स्मृतीत रोखून धरतो. त्यामुळे पडद्यावर सेव्ह झाल्याचे दिसले, तरी बाइट प्रत्यक्ष पोहोचलेले असतातच असे नाही. दर्शविलेल्या क्षमतेपेक्षा प्रत्यक्षात पुष्कळ लहान असलेले बनावट पेनड्राइव्हही बाजारात येतात. त्यांवर ठराविक मर्यादेनंतर लिहिलेले सर्व नष्ट होते. खंडणीखोर विषाणूने सांकेतिक रूपात बदललेली फाईल हा मात्र वेगळा प्रकार आहे. तीत रचनेचा दोष नसल्याने पुढील उपायांनी ती दुरुस्त होत नाही.

सेव्ह न होणाऱ्या फाईलवरील उपाय : फाईल सेव्ह होत नाही, असा संदेश आल्यास कार्यक्रम बंद करणे वा संगणक पुन्हा सुरू करणे हे पहिले पाऊल असू नये. पडद्यावर दिसणारी माहिती स्मृतीत जिवंत असते. कार्यक्रम बंद होताच ती जाते. एक्सेल ठराविक काळाने, सामान्यतः दर दहा मिनिटांनी, पुनर्प्राप्तीसाठी एक प्रत ठेवतो. तथापि कार्यक्रम रीतसर बंद केल्यास ही प्रत टिकेलच याची शाश्वती नसते. म्हणून पुढील क्रम पाळणे हितावह ठरते.

(१) नवी नोंद करणे थांबवावे व आलेला संदेश शब्दशः उतरवून घ्यावा. (२) ‘सेव्ह ॲज’ आज्ञेने वेगळ्या व आखूड नावाने संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर फाईल साठवावी. ती साठविली गेल्यास दोष जागेत आहे, फाईलमध्ये नाही, असा निष्कर्ष निघतो. (३) तसे न झाल्यास रूप बदलून पाहावे. एक्सेलच्या द्विमान ‘एक्सएलएसबी’ किंवा ‘ओडीएस’ रूपात लिहिताना कार्यक्रम वेगळ्या मार्गाने जातो व दोषयुक्त भाग कधीकधी गळून पडतो. (४) तेही न साधल्यास नवी कोरी फाईल उघडून एकेका पत्रकातील भरलेला भाग तीत नकलावा व प्रत्येक वेळी सेव्ह करून पाहावे. अखंड पत्रक हलविल्यास त्याबरोबर शैली व छुपी नावेही जातात. म्हणून आवश्यक तेवढ्याच सेलची निवड करून प्रथम केवळ मूल्ये व नंतर सूत्रे उतरवावीत. (५) ज्या पत्रकाने सेव्ह पुन्हा अडते, त्याचे निम्मे निम्मे भाग करीत गेल्यास सदोष ओळ वा चित्र थोड्या फेऱ्यांत सापडते. १,००० ओळींतील एक सदोष ओळ शोधण्यास सु. १० फेऱ्या पुरतात. (६) नक्कलही होत नसल्यास पत्रक पीडीएफ रूपात काढावे, छापावे किंवा पडद्याची छायाचित्रे घ्यावीत. हा उपाय ओबडधोबड असला, तरी त्यामुळे कीर्द हाती राहते. यानंतरच कार्यक्रम बंद करावा.

न उघडणाऱ्या फाईलची दुरुस्ती : प्रथम बिघडलेल्या फाईलची प्रत घ्यावी व सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत. डिस्कच सदोष असल्याचा संशय असल्यास तिच्यावर नवे काही लिहू नये, कारण काढून टाकलेल्या फायलींची जागा नव्या लेखनाने व्यापली जाते. त्यानंतर जुन्या प्रतींचा शोध घ्यावा : तात्पुरत्या फायली, पुनर्प्राप्तीची प्रत, विंडोजमधील पूर्वीच्या आवृत्त्या, मेघसाठ्यातील आवृत्त्या, तसेच ई-मेल वा व्हॉट्सॲपने पूर्वी पाठविलेली फाईल. कार्यालयांत पुष्कळदा अखेरचाच मार्ग सर्वांत फलदायी ठरतो, कारण वरिष्ठ कार्यालयास वा लेखापरीक्षकास पाठविलेली प्रत त्यांच्याकडे जशीच्या तशी असते.

प्रत न सापडल्यास एक्सेलमधील ‘ओपन अँड रिपेअर’ ही सोय वापरतात. तिच्यात दुरुस्ती व माहिती काढून घेणे असे दोन पर्याय असून, पहिला असफल झाल्यास दुसरा वापरतात. त्यात सूत्रे गमावून केवळ मूल्ये मिळू शकतात. उघडताना लगेच आकडेमोड सुरू झाल्याने कार्यक्रम कोसळत असल्यास आकडेमोड आधी हस्तचलित ठेवावी. लिबरऑफिस कॅल्क हा मुक्त कार्यक्रम फाईल वेगळ्या पद्धतीने वाचत असल्याने एक्सेलने नाकारलेली फाईल तो कधीकधी उघडतो. एक्सएलएसएक्स फाईलच्या प्रतीचे नाव बदलून तिला झिप हा प्रत्यय दिल्यास गाठोडे सोडून आतील पत्रके स्वतंत्रपणे पाहता येतात. संकोचनाच्या पद्धतीमुळे एखाद्या भागात जेथे बिघाड असतो, त्यापुढील त्या भागाचा मजकूर बहुधा वाचता येत नाही. त्याआधीचा मजकूर व इतर भाग मात्र वाचतात. फाईलचा आकार शून्य असल्यास किंवा तिच्यात केवळ शून्य बाइट असल्यास त्या फाईलमधून काहीही मिळण्याची आशा नसते. अशा वेळी दुरुस्तीच्या साधनांवर पैसे खर्च करणे व्यर्थ होय.

मराठी मजकूर व दीर्घ संख्या : मराठी फायलींत काही विशेष अडचणी उद्भवतात. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी श्रीलिपी, आयएसएम इ. प्रणालींचे फाँट वापरून मराठी मजकूर भरला जात असे. अशा फाईलमध्ये प्रत्यक्षात रोमन लिपीचे संकेतांक साठविलेले असतात व फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फाँटचे नाव शैलींच्या भागात असते. दुरुस्तीत हा भाग गळाल्यास सर्व नावे निरर्थक रोमन अक्षरांत दिसतात व माहिती नष्ट झाल्याचा समज होतो. वस्तुतः तो स्तंभ निवडून मूळ फाँट पुन्हा लावल्यास मजकूर पूर्ववत दिसतो. जुन्या दप्तराच्या फायली सांभाळताना त्यांचा फाँटही सांभाळणे म्हणूनच आवश्यक असते.

युनिकोडमधील मजकुराची अडचण वेगळी आहे. स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे करणाऱ्या ‘सीएसव्ही’ या साध्या रूपात फाईल साठविताना जुना एकबाइटी संकेत वापरला गेल्यास त्यात देवनागरीस स्थान नसल्याने प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. ही हानी कायमची असते, कारण मूळ संकेतांक कोठेही उरत नाही. याउलट ‘यूटीएफ-८’ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. अशी फाईल चुकीच्या संकेताने उघडल्यास प्रत्येक चिन्हाजागी तीन विचित्र चिन्हे दिसतात. परंतु बाइट शाबूत असल्याने सेव्ह न करता ती बंद करून योग्य संकेताने पुन्हा आयात केल्यास मराठी परत मिळते. प्रश्नचिन्हे दिसल्यास जुनी प्रत शोधावी व विचित्र चिन्हे दिसल्यास संकेत बदलावा, असा स्थूल नियम सांगता येईल.

दीर्घ संख्यांच्या बाबतीत एक्सेल १५ सार्थ अंकांपर्यंतच अचूकता राखतो. सोळा वा अधिक अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरल्यास पंधरानंतरचे अंक शून्य होतात. आरंभीची शून्येही गळतात. बारा अंकी आधार क्रमांक पंधराच्या मर्यादेत बसतो, परंतु साध्या सेलमध्ये तो घातांकी रूपात दाखविला जातो. सीएसव्हीमध्ये जे दिसते तेच लिहिले जात असल्याने अखेरचे अंक नाहीसे होतात व भिन्न व्यक्तींचे क्रमांक सारखे भासू शकतात. असे स्तंभ भरण्यापूर्वीच मजकूर म्हणून निश्चित करणे हा यावरील उपाय आहे. महाराष्ट्रातील २०१७ च्या शेतकरी कर्जमाफी योजनेत शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज व बँकांकडील खातेनिहाय माहिती यांचा मेळ घालावा लागला आणि तफावतींमुळे लाभवाटप लांबले. नाव, खाते क्रमांक व आधार क्रमांक यांतील एका अंकाचाही दोष लाभार्थीस किती महाग पडतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

दुरुस्तीनंतरचा ताळा : दुरुस्त झालेली फाईल उघडली म्हणजे काम संपले असे नव्हे. काय गळाले, हे कार्यक्रम नेहमीच सांगत नाही. म्हणून हिशेबाच्या जुन्या रीतीने ताळा घ्यावा लागतो. प्रथम ओळींची संख्या जुन्या प्रतीशी वा पावत्यांच्या अखेरच्या क्रमांकाशी ताडून पाहतात. नंतर प्रत्येक महत्त्वाच्या स्तंभाची बेरीज घेतात. शीतगृहाच्या उदाहरणात आरंभीची शिल्लक अधिक आवक वजा जावक ही बॉक्सांची संख्या प्रत्यक्ष मोजणीशी जुळली पाहिजे. खाते क्रमांकांसारख्या ज्यांच्या बेरजेस स्वतंत्र अर्थ नाही, अशा लहान संख्यांचीही बेरीज ताळ्यासाठी उपयोगी पडते. दोन बेरजांतील फरकास ९ ने निःशेष भाग जात असल्यास अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा, उदा., ७२ ऐवजी २७ लिहिल्यास ४५ चा फरक येतो. सूत्रांच्या जागी केवळ मूल्ये राहिली आहेत काय, हेही पाहावे लागते, अन्यथा नव्या नोंदींनंतर बेरीज बदलत नाही व चूक पुढील महिन्यात उघडकीस येते.

दुरुस्त फाईल ही मूळ दस्तऐवजाहून भिन्न असते. लेखापरीक्षण वा वाद संभवत असल्यास बिघडलेली मूळ फाईल न बदलता जपून ठेवावी. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबतच्या प्रमाणपत्रात त्याचे हॅश मूल्य, म्हणजे संपूर्ण फाईलचा अधिक कठोर ताळा, नमूद करावे लागते.

प्रतिबंध : प्रतींची स्वतंत्रता हे प्रतिबंधाचे मुख्य तत्त्व होय. निदान तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्यत्र, असा संकेत सर्वत्र मान्य आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा प्रसंगी एकाच इमारतीतील संगणक व पेनड्राइव्ह या दोन प्रती प्रत्यक्षात एकच ठरतात. सतत समक्रमित होणारा मेघसाठाही एकटा पुरेसा नसतो, कारण बिघडलेली फाईल तितक्याच तत्परतेने तेथेही पोहोचते. यासाठी दिनांकयुक्त नावांच्या प्रती ठेवणे व त्यांतील एखादी अधूनमधून उघडून पाहणे आवश्यक असते. न उघडून पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

याखेरीज यूपीएसचा वापर, पेनड्राइव्हवर थेट काम न करणे, दरवर्षी कोऱ्या नमुन्यावरून नवी फाईल सुरू करणे, चित्रे व बाह्य दुवे टाळणे आणि दिवसअखेर त्या दिवसाच्या नोंदींचे पान छापून क्रमाने लावणे, हे उपाय अल्पखर्ची आहेत. यांपैकी शेवटच्या उपायाने कीर्दीची परंपरा पुन्हा प्रस्थापित होते. अनेक व्यक्ती एकाच वेळी नोंदी करीत असल्यास किंवा नोंदी हजारोंच्या संख्येने वाढत असल्यास स्प्रेडशीटऐवजी ⟶ माहितीसंच प्रणाली वापरणे इष्ट असते. तिच्यात प्रत्येक व्यवहाराची आधी स्वतंत्र नोंद होते व खंड पडल्यास अपुरा व्यवहार आपोआप रद्द होतो. केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. तिच्यात संस्थांचे हिशेब समान आज्ञावलीवर आणणे अभिप्रेत आहे. तथापि लहान संस्था, शेतकरी व व्यापारी यांच्या दैनंदिन कामात स्प्रेडशीटचे स्थान टिकून आहे. अशा ठिकाणी पावती, छापील पान व ताळा यांचा आधार असलेली फाईल बिघडली, तरी तीतील हिशेब पुन्हा उभा करता येतो.